न्गिरोच्या पोटाखाली

लेशोरेची धाकटी लेक नासिएकू पहिल्या बाळंतपणाला बारागोईत माहेरी आली, त्या सालची ही गोष्ट. पाऊस बरा झाला होता. गायींच्या आचळांत दूध होतं आणि माणसांच्या तोंडावर तुकतुकी. लेशोरेच्या घरी आजारी अशी एकच होती, ती म्हणजे न्गिरो.

न्गिरो म्हणजे त्याची गाडी. राखाडी गायीला आमच्याकडे न्गिरो म्हणतात, आणि ही गाडीही तशीच होती, राखाडी, रुंद कपाळाची, चारही चाकांनी ओढणारी. गोरे लोक जमिनी मोजत फिरायचे त्या काळातली. लेशोरे तिच्यात माणसं, शेळ्या, साखरेची पोती भरायचा, मरालालला जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. मधे मोरिजोचा घाट लागतो. तिथे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला एवढी खोल दरी, की खाली चरणाऱ्या गायी गोचिडांएवढ्या दिसतात.

न्गिरोचं दुखणं असं होतं, की स्टेरिंग फिरवलं तरी तिला ते लगेच कळायचं नाही. वीतभर फिरवावं तेव्हा कुठे पुढची चाकं हलायची. सरळ रस्त्यावरही ती एकदा या कडेचं गवत हुंगायला जायची, एकदा त्या कडेचं. लेशोरेच्या हातांना दिवसभर उसंत नसायची. संध्याकाळी चहाचा मग धरला तरी हात आपोआप डावी-उजवी करत.

मरालालच्या बाजारामागे, मोठ्या बाभळीखाली, लेमार्तीचं गाड्या दुरुस्त करायचं अंगण होतं. पण लेशोरेने त्याला लेमार्ती म्हणून हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. दोघांची सुंता एकाच सकाळी झालेली. पुढे एका दुष्काळात लेमार्तीची सगळी जनावरं मेली, तेव्हा लेशोरेने आपल्या गोठ्यातली पांढऱ्या पोटाची कालवड दोरीने धरून त्याच्या दारात नेऊन बांधली. आमच्यात एकाने दुसऱ्याला गाय दिली की त्या दोघांची नावं मिटतात. मग ते एकमेकांना पाकितेंग म्हणतात, गायीच्या नात्याचा. बायकोसमोर पाकितेंग, पोलिसासमोर पाकितेंग, भांडतानाही पाकितेंग.

या नात्यात मागितलेलं नाकारता येत नाही. आणि पाकितेंगने सांभाळून परत दिलेलं जनावर कुणी वाकून तपासत नाही. त्याचे दात बघणं म्हणजे त्याला चारचौघांत चोर म्हणणं. लेशोरेने तरुणपणी सरकारी ट्रकांवर काम केलेलं, पाना कसा धरायचा ते त्याला ठाऊक होतं. पण लेमार्तीने अंगण थाटलं त्या दिवसापासून त्याने न्गिरोच्या पोटाखाली डोकं घातलं नव्हतं.

क्लचच्या कामाला म्हणून न्गिरो त्या अंगणात बरेच दिवस उभी होती. ती परत आली आणि थोड्याच दिवसांत हे बहकणं सुरू झालं. लेशोरे तिला घेऊन बाभळीखाली गेला.

"पाकितेंग, ही दारू प्यायला लागलीय का बघ. सरळ चालत नाही."

"तुझ्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर कोण सरळ चालेल?" लेमार्ती हसला. तो अंगाने मोठा, हसला की पोट आधी हलायचं. त्याने बोनेट उघडलं, आत डोकावला. "स्टेरिंग बॉक्स म्हातारा झालाय. आतले दात झिजलेत. तुझ्या-माझ्यासारखे."

"माझे दात शाबूत आहेत."

"मग मटण एवढं बारीक कापून का खातोस?"

स्टेरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या त्या बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, तो त्याने थोडा आवळला. "ने आता. नव्या नवरीसारखी खाली मान घालून चालेल."

दोन-चार फेऱ्या बऱ्या गेल्या. मग बहकणं परत आलं आणि लेमार्तीने स्क्रू पुन्हा आवळला. असं करता करता स्टेरिंग जड होत गेलं. वळण संपलं की ते आपण होऊन सरळ यायचं, ते आता यायचं नाही, ओढून आणावं लागायचं. आणि सरळ रस्त्यावरचं भटकणं होतं तसंच. म्हणजे न्गिरो आता बहिरी तर होतीच, वर हट्टीही झाली.

लेशोरेची बायको नाइतेमू एकदा दूध काढता काढता म्हणाली, "गेली तेव्हा धडधाकट होती. तिथून आली ती आजारी होऊन. एवढंच बोलते."

"एवढंच बोलतेस आणि सगळं बोलतेस. तोंड आवर."

"आवरलं. तुम्ही गाडी आवरा."

पुढे खड्ड्यातून गेलं की न्गिरोचं पुढचं अंग थरथरायला लागलं. ताप आलेल्या वासरासारखं. हे ऐकून मात्र लेमार्ती हसला नाही. त्याने लेशोरेला चहा पाजला, बाकावर बसवलं, आणि आतून कागदात गुंडाळलेला एक नवाकोरा डॅम्पर आणला. डॅम्पर म्हणजे तेलाने भरलेली जाड नळी, स्टेरिंगच्या आडव्या दांडीला बांधतात. चाकांनी मारलेले झटके ती गिळते, हातांपर्यंत येऊ देत नाही.

"ही माझी भेट," लेमार्ती म्हणाला. "पैशाची गोष्ट काढलीस तर तुझी ती कालवड तिच्या नातवंडांसकट परत पाठवीन."

पुढच्या फेरीला लेशोरे जाड शेपटीचा एक मेंढा घेऊन गेला आणि बाभळीखाली सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. डॅम्परमुळे थरथर थांबली होती. लेशोरे भेटेल त्याला सांगत सुटला, की पाकितेंग असावा तर असा.

नासिएकू आली ती याच सुमाराला. दवाखान्यातल्या बाईने तिचं पोट चाचपून सांगितलं होतं, की मूल आडवं आहे, घरी बाळंत होऊ देऊ नका, दिवस भरायच्या आधीच मरालालला आणून ठेवा.

"मी नेईन," लेशोरे म्हणाला. "न्गिरो आता बरी आहे."

तिला नेण्याच्या आधीची फेरी. मरालालहून परत येताना घाट उतरायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या वळणाआधी रस्त्यात एक दगड होता, मुठीएवढा. न्गिरोचं डावं चाक त्यावरून गेलं. त्यासरशी सगळं पुढचं अंग पिसाळलं. स्टेरिंग त्याच्या हातांतून सुटायला बघत होतं, डावी-उजवी, डावी-उजवी, इतकं जोरात की त्याच्या अंगठ्याला मार बसला. बोनेट डोळ्यांसमोर नाचत होतं. मागे शेळ्या एकमेकींवर पडल्या. लेशोरेने ब्रेक हळूहळू दाबत नेला, आणि न्गिरो दरीच्या बाजूला तोंड करून थांबली. पुढे गवताची एक पट्टी होती, मग काही नव्हतं.

मग मागून म्हातारी नोन्किपा उतरली. तिने पदराखालची तंबाखूची डबी काढली, चिमूट ओढली, दरीत वाकून पाहिलं.

"लेशोरे, मला खाली जायचंच आहे, पण अजून वेळ आहे."

"होय आई."

"तुझ्या या गायीला कुणीतरी विष घातलंय."

"रस्ता वाईट आहे, आई."

"रस्ता माझ्या लग्नाआधीपासून वाईट आहे," ती म्हणाली आणि उरलेला घाट पायी चालायला लागली. बाकीचेही तिच्या मागे चालायला लागले. लेशोरेने रिकामी गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने खाली आणली.

सकाळी त्याने चहा घेतला नाही. न्गिरोला सपाट जागेवर उभं केलं, मागच्या चाकांना दगड लावले, आणि नाइतेमूला म्हणाला, "वर बस. स्टेरिंग धर."

"मी? ब्रेक कुठला ते तरी सांगा."

"इंजिन बंद आहे, कुठे जात नाही. सांगेन तेव्हा थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलव. जात्यासारखं गरगर नाही. आजारी माणसाला उठवतात तसं."

नासिएकू झोपडीच्या सावलीत पाय लांब करून बसली होती. "बाबा, आईच्या हातात गाडी दिलीत. आता तुमचं काही खरं नाही."

"तू पोट सांभाळ," तो म्हणाला आणि जमिनीवर उताणा होऊन न्गिरोच्या पोटाखाली सरकला. किती वर्षांनी. तेलाचा आणि मातीचा तो वास त्याला लगेच आठवला.

"हलव."

त्याने पहिला हात स्टेरिंग बॉक्सवर ठेवला. वर नाइतेमूने हलवलं की बॉक्सच्या बाहेर आलेला दांडा त्याच क्षणी फिरत होता. पुन्हा हलवायला लावलं. पुन्हा तसंच. झालंच तर तो गरजेपेक्षा घट्ट होता. म्हणजे म्हातारा बॉक्स म्हातारा नव्हताच. एवढे दिवस स्क्रू आवळून आवळून ज्याचा गळा दाबला, त्याने काही केलेलं नव्हतं.

मग लेशोरेने हात पुढे नेला. दोन चाकांना जोडणारी लांब दांडी असते, तिच्या टोकाला वाटीत बसवलेली गोळी असते, माणसाच्या खुब्यासारखी. त्या सांध्यावर त्याने तळहात ठेवला.

"हलव."

दांडी हलली, सांध्यात टक् झालं, आणि मग कुठे चाकाने मान वळवली. दुसऱ्या टोकालाही तेच. गोळी वाटीत म्हाताऱ्याच्या दातासारखी खुळखुळत होती.

त्याने जॅक लावून डावं चाक उचललं, वरून-खालून धरून हलवलं. चाक हललं. हे चाकाच्या बेअरिंगचंही असू शकतं. "ब्रेक दाब," तो म्हणाला. "मधला." ब्रेकने चाक आपल्या जागी जखडलं गेलं, तरी ढिलाई तशीच राहिली. म्हणजे बेअरिंग नव्हे, आतली किंगपिन, ज्या खुंटीवर सगळं चाक वळतं तीच झिजलेली. उजवीकडेही तेच निघालं.

शेवटी त्याने डॅम्पर सोडवला. हातात घेतला तर तेल सगळं गळून गेलेलं, दांडा बाळाच्या बोटासारखा बिनजोर आत-बाहेर होत होता. एवढे झटके गिळून गिळून नवा डॅम्परही मेला होता. डॅम्पर निघाल्यावर नाइतेमूने स्टेरिंग नुसतं डोलवलं आणि न्गिरोचं सगळं पुढचं अंग खडखडलं.

"हे काय वाजतंय?" तिने वरून विचारलं.

त्याला आणखी एक गोष्ट बघायची होती आणि ती बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

काही वर्षांपूर्वी दोन बैल विकून त्याने न्गिरोच्या पुढच्या अंगाचं सगळं सामान नैरोबीहून नवं आणलं होतं. बसवायच्या आदल्या संध्याकाळी बाभळीखाली तो आणि लेमार्ती कानस घेऊन बसले. "गाय म्हटली की कानाला खूण हवी," लेमार्तीच म्हणाला होता. लेशोरेच्या घराण्याची खूण म्हणजे कानाच्या खालच्या कडेला एक त्रिकोणी काप. तोच काप लेमार्तीने स्वतःच्या हाताने लांब दांडीच्या दोन्ही टोकांना आणि चाकाजवळच्या, चाक वळवणाऱ्या दोन्ही आर्मना घातला. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लेशोरेने अंगठ्याने ग्रीस पुसलं. दांडीचं हे टोक, मग ते टोक. मग डावा आर्म, उजवा आर्म. काप कुठेच नव्हता. जुनं लोखंड होतं, वरून काळा रंग दिलेला.

तो बाहेर आला तेव्हा नासिएकूने त्याच्याकडे पाहिलं आणि थट्टा करायची सोडून दिली.

"काय मिळालं बाबा?"

"दुसऱ्याच कुणाची तरी गाय," तो म्हणाला. मग हाताचं ग्रीस पुसत म्हणाला, "हिच्यात तू बसायची नाहीस."

मरालालला मेंढ्या नेणारा एक ट्रक होता, त्याच्या केबिनमध्ये नासिएकूला आणि तिच्या आईला बसवलं. लेशोरे मागे मेंढ्यांत उभा राहिला. डॅम्पर त्याने त्याच मूळच्या कागदात गुंडाळून काखेत धरला होता. दवाखान्यात लेकीला खाट मिळाल्यावर तो एकटा बाजारामागे गेला.

बाभळीखाली नेहमीचे लोक होते. चहा पिणारे, टायर भरून घेणारे, नुसतेच बसलेले. अंगणाच्या मधोमध एक हिरवी गाडी उभी होती, न्गिरोच्याच जातीची, नवी रंगवलेली. लेमार्तीने थोरल्या मुलासाठी मोडक्या गाड्यांचे तुकडे जोडून ती उभी केली, हे सगळ्या मरालालला माहीत होतं. मुलगा तिच्यातून फिरायला आलेल्या पाहुण्यांना हत्ती दाखवायला न्यायचा.

"ये पाकितेंग," लेमार्तीने हाक मारली. "अंगाला मेंढ्यांचा वास येतोय. न्गिरो कुठे?"

लेशोरेने काठी बाजूला ठेवली, अंगावरचं वस्त्र सावरलं आणि तो सगळ्यांसमोर त्या हिरव्या गाडीखाली वाकला. या वयाचा माणूस पाकितेंगच्या अंगणात, न विचारता, गाडीखाली वाकतो, याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता.

दांडीच्या टोकाला त्रिकोणी काप होता. आर्मलाही होता.

तो उठला, गुडघ्यांची माती झाडली. लेमार्ती आता उभा होता.

"मुलाला गाडी लवकर हवी होती," लेमार्ती खालच्या आवाजात म्हणाला. "पाहुणे येऊन थांबले होते. नवं सामान मागवलंय, ते आलं की तुझं तुला परत बसवणार होतो. पाकितेंगची वस्तू पाकितेंगने वापरली. आपल्यात कधीपासून हिशेब?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं."

"माहीत आहे. तू नाही म्हणाला नसतास."

"मग मागितलं का नाहीस?"

लेमार्ती म्हणाला, "कालवडही मी मागितली नव्हती, तूच आणून बांधलीस. दर वेळी तूच देणारा, मीच घेणारा. थोरल्यासाठी एकदा तरी न मागता काही करावंसं वाटलं."

"ते समजू शकतो," लेशोरे म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "नेलंस, ते नेलंस. पण मी दर महिन्याला तुझ्याकडे येत होतो. दर वेळी तू बोनेट उघडून बॉक्सला दोष देत होतास. तुला ठाऊक होतं खाली काय आहे. तरी मला घाटात पाठवत होतास. आणि गाडी थरथरायला लागली तेव्हा तू ती दुरुस्त केली नाहीस. मला थरथर कळू नये एवढं केलंस."

त्याने कागद उघडून डॅम्पर बाकावर ठेवला. तेलाचा डाग कागदभर पसरला होता.

"याच्यासाठी मी मेंढा कापला. तू त्यातलं काळीज खाल्लंस."

"तुझं सामान आत्ता काढून देतो," लेमार्ती म्हणाला. "आत्ता, तुझ्यासमोर."

"आणि मुलाच्या गाडीला काय लावशील? न्गिरोखालचं ते?" लेशोरेने काठी उचलली. "राहू दे त्याला. त्यालाही घाटच चढायचा असतो. त्या पोराने माझं काही केलेलं नाही."

"पाकितेंग, ऐक."

"आज माझी लेक न्गिरोत बसणार होती, लेमार्ती."

चहा पिणाऱ्यांपैकी कुणीतरी हातातला मग खाली ठेवला. लेमार्तीच्या बायकोने आतून बाहेर येऊन पाहिलं, कारण हे नाव या आवाजात त्या अंगणात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. लेमार्ती आपल्याच नावाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. लेशोरे बाजाराच्या दिशेने चालायला लागला, आणि त्याला मागून हाक आली नाही.

नासिएकूला मुलगा झाला. पोट चिरून काढावा लागला, पण दोघं सुखरूप घरी आली, मेंढ्यांच्याच ट्रकने. लेशोरेने बॉक्सचा स्क्रू होता तिथवर परत सैल केला आणि न्गिरोला कुंपणाजवळ उभं केलं. पुढे तिचं इंजिन कुणी पाण्याच्या पंपाला नेलं, दारं कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला. लांब दांडी मात्र त्याने काढून पुरून टाकली, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

पाऊस संपल्यावर लेमार्तीने एक गाय पाठवली. पांढऱ्या पोटाची, त्या पहिल्या कालवडीच्या वंशातली. लेशोरेने तिला पाणी दाखवलं, एक रात्र आपल्या गायींत राहू दिलं, आणि सकाळी आणणाऱ्याच्याच हाती परत दिली. तिचं दूध काढू दिलं नाही. नाइतेमू म्हणाली, गायीचा काय दोष. तो म्हणाला, दोष नाही, पण ही ठेवली तर पुन्हा त्याला त्या नावाने हाक मारावी लागेल.

मरालालला तो बसने जायचा आणि बाजाराच्या पुढच्या बाजूनेच परतायचा.

बऱ्याच वर्षांनी हिरव्या गाडीतून लेमार्तीचा थोरला मुलगा आला. दारात उभा राहून म्हणाला, "बाबांचं पोट पाण्याने भरलंय. तुम्हाला बोलावतात."

"कोण बोलावतं?"

"माझे वडील. म्हणतात, पाकितेंगला घेऊन ये."

"या घरात पाकितेंग कुणी नाही," लेशोरे म्हणाला. "तू बस. दूध घे. घाट सांभाळून चढ."

मुलगा दूध पिऊन गेला. लेशोरे गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होता. ती सरळ रेषेत गेली.

लेमार्ती मरालालला आपल्या घरी वारला, नासिएकूच्या मुलाचे दुधाचे दात पडले त्या वर्षी, कोरड्या महिन्यांत. लेशोरे गेला नाही.